कष्टकरी वाचक पाहिजे

आमच्या वाचनकट्ट्यात आठ बायका होत्या आणि आठही जणी गुलाम होत्या. त्या रविवारपर्यंत मला याची कल्पनाच नव्हती. मी आपली समजत होते की एक डॉक्टरांची बायको आहे, एक सराफाची सून आहे, एक निवृत्त मुख्याध्यापिका आहे, एक पंचायत समितीची माजी सभापती आहे, तिघींच्या घरी आडत नाहीतर किराणा आहे, आणि आठवी मी, कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवून शेतावर येऊन बसलेली. कट्टा माझ्याकडंच भरायचा, कारण ओसरी मोठी आणि चहाला दूध घरचं. शेजारच्या युसूफ वडगाव गावाहून तिघी-चौघी रिक्षा करून यायच्या, बाकीच्या गावातल्याच.

त्या रविवारी मी एक कविता वाचून दाखवली. अमेरिकेतल्या एका काळ्या कवयित्रीची, मीच मराठीत आणलेली. कापसाच्या मळ्यावर विकत घेतलेली एक बाई असते. ती एका पहाटे मालकिणीची चूल न पेटवताच निघते आणि नदीच्या दिशेनं चालू लागते. मागं कुत्री सोडतात. इकडं मालकीण दारात उभी राहून तिला हाका मारते, कारण पाणी तापलेलं नसतं. शेवटी ती बाई नदीत पाय घालते आणि कविता थांबते. नदीपाशी माझा आवाज घोगरा झाला. घरी तीनदा वाचून बघितलं होतं, तेव्हाही नेमका तिथंच झाला होता.

झालं! पदर निघाले, रुमाल निघाले. सराफाची सून तर हमसून हमसून रडली. म्हणाली, "बाई, ती मीच आहे हो. आमच्या सासूबाई पाचला उठवतात." डॉक्टरांची बायको म्हणाली की दवाखाना, घर, पाहुणे, कधी स्वतःसाठी जगलेच नाही, त्यामुळे तीसुद्धा तीच. सभापतीणबाईंनी नाक पुसलं आणि सांगितलं की पक्षानं दहा वर्षं राबवून घेतलं आणि तिकिटाच्या वेळी दुसऱ्याच्या भावजयीला पुढं केलं, ही गुलामगिरी नाही तर काय आहे. आडतवाल्या बाईंनी तर आमचा सगळा समाजच कसा गुलाम आहे ते सांगितलं. लगेच किराणावाल्या बाईंनी त्यांच्या समाजाचं काढलं, आणि कुणाचा समाज जास्त गुलाम यावरून दोघींची चांगलीच जुंपली. मी मध्ये पडले, आणि पडता पडता माझ्या सासूचंही थोडं सांगून घेतलं. कवितेत बायका दोन आहेत, हे त्या दिवशी आठांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. मालकीण व्हायला कुणी तयारच नव्हतं.

आमचे हे तेवढ्यात शेतातून आले आणि पायातल्या वहाणा काढत उभ्या उभ्या ऐकत राहिले. कवितेवर त्यांनी एकच विचारलं. "तिकडं एकरी किती निघायचा कापूस?" मी म्हटलं, कवितेत दिलेलं नाही. तर म्हणाले, "मग एवढी माणसं घालून परवडत कसं व्हतं?" आणि आत गेले. आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आज वाटतं, त्या दिवशी ओसरीवर खोटं न बोललेला तो एकच माणूस होता.

सभापतीणबाईंना मात्र नुसतं रडून चैन पडेना. त्यांना सवयच वेगळी. आमच्याकडं काहीही झालं, रस्ता खचला, लाईट गेली, कुणी कुणाला काही बोललं, की तहसीलदारांना निवेदन द्यायचं असतं. त्यांनी मंगळवारी निवेदन तयार केलं. 'काळ्या भगिनींवरील अन्याय तात्काळ थांबवण्यात यावा, अन्यथा परिसरातील महिला तीव्र आंदोलन छेडतील व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील.' मी म्हटलं, अहो ताई, ती गुलामगिरी आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळातच कायद्यानं संपली. त्या म्हणाल्या, "असू द्या की बाई. निषेधाला कुठं मुदत असती?" तहसीलात बसलेल्या कारकुनानं कागद दोनदा वाचला आणि नम्रपणे विचारलं, "ताई, ह्या भगिनींचं गाव आपल्या तालुक्यात येतं का?" ताई म्हणाल्या, "येत न्हाई म्हणून तर तुमच्याकडं दिलं. वर पाठवा." त्यानं पोच म्हणून शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात माझा अर्धा कान आणि चष्म्याची एक काडी आहे. कात्रण मी अजून जपून ठेवलंय, कशाला खोटं सांगू.

इथवर सगळी गंमतच होती. मग व्हाट्सॲपवर ते पत्रक आलं. अंबाजोगाईच्या एका वाचनालयानं वाचकांच्या प्रतिसादांची स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक कट्ट्यानं एक कविता निवडायची आणि तीन वाचकांनी मंचावर येऊन ती आपल्याला कशी भिडली ते सांगायचं. खाली अट होती, तिघांपैकी एक वाचक कष्टकरी वर्गातला हवा.

आता आली का पंचाईत! रविवारी आठही जणी गुलाम होत्या, पण कष्टकरी एकही निघेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मी हयातभर कष्टच केलेत. पण त्यांची पेन्शन सगळ्यांना माहीत होती. सराफाच्या सुनेला सासूचं कारण पुरेना. शेवटी सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या, ओसरीच्या टोकाला, जिथं आमच्या गड्याची बायको कपबश्या गोळा करत होती.

आमच्याकडं शेतावर गडी सालानं ठेवतात. पाडव्याला साल लागतं, पुढच्या पाडव्याला फिटतं. गडी राहायचा तर राहतो, जायचा तर दुसऱ्याचं साल धरतो. साल ठरतं ते गड्याचं. पण गड्याबरोबर त्याची बायको येते, हे कुणी ठरवत नाही आणि कुणी बोलतही नाही. तिनं सकाळी यायचं, गोठ्यातलं शेण काढायचं, गोठा झाडायचा, सडा टाकायचा, गोवऱ्या थापायच्या. दोन म्हशी, तीन गाई, एक बैलजोडी. त्याचं वेगळं काही द्यायची पद्धत नाही. सणाला लुगडं देतो, शिळंपाकं देतो, आणि चारचौघांत सांगतो की घरच्यासारखी आहे. अकरा सालं ती अशी आमच्याकडं येत होती. यंदाच्या पाडव्याच्या आधीच गड्यानं पुढच्या सालाला हो म्हटलं होतं, त्यामुळं बारावंही आमचंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी तिला विचारलं, "स्पर्धेला येशील का गं?" तिनं कपबश्या खाली ठेवल्या. "येते की बाई. पर माझंबी एक काम व्हतं." काम असं की, तिच्या बचत गटाला गावच्या शाळेतली खिचडी शिजवायचं काम मिळालं होतं. दोन बायका लागणार होत्या, त्यात तिचं नाव निघालं होतं. पाडव्याची सुट्टी झाली की दुसऱ्या दिवसापासून लागायचं. उन्हाळ्याची सकाळची शाळा, म्हणजे साडेसहाला चुलीपाशी हजर. पहिल्या दिवशी जी येणार नाही तिच्या जागी तिसरी बाई तयारच होती. "नावावर पैसे येणार हायत बाई, माज्या सोताच्या," ती म्हणाली. "तवा पाडव्यापासून गोठ्यातून मला मोकळं करा. गडी माणूस करील शेण. न्हाईतर दुसरं कुणी बघा."

मी काय म्हणाले? "बघू. आधी स्पर्धा तर होऊ दे." बघू या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ तिला अकरा वर्षांत चांगला कळला होता. तरी ती मान हलवून कपबश्या उचलून गेली.

फॉर्म भरायला बसले तर पहिल्याच ओळीला पेन थांबलं. नाव. मला तिचं नाव माहीत नव्हतं. गड्याचं माहीत होतं, त्याच्या बापाचं माहीत होतं, बैलांचीसुद्धा माहीत होती. तिला आम्ही 'अगं' म्हणायचो, नाहीतर गड्याची बायको म्हणून ओळखायचो. विचारलं तेव्हा तिनं हसून सांगितलं, आणि मला ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा एकदा सांगितलं. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पण मी मान वर न करता फॉर्मवर लिहीत राहिले.

मग तालीम सुरू झाली. हे बघायला हवं होतं! सातवीपर्यंत शिकलेली बाई, अडखळत का होईना वाचायची. आधी मी तिला कविता वाचून दाखवली. कुत्री सोडतात त्या ठिकाणी सराफाच्या सुनेनं सवयीनं पदर काढला. ही मात्र गुडघ्याभोवती हात घालून ऐकत होती, आणि नदी आली तशी फटकन टाळी वाजवून हसली. "गेली! बरं झालं, गेली!" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अगं, ही दुःखाची कविता आहे." ती म्हणाली, "कावून? सुटली की ती." मग तिनं एकामागून एक विचारायला सुरुवात केली. लेकरं संगं नेली का मागं ठेवली? भाकरी बांधून घेतली व्हती का? नदीपल्याड कोण व्हतं तिचं? आणि शेवटी, "बाई, दुसऱ्या दिशी तिथलं काम मग कुणी केलं?"

यातलं एकही कवितेत नाही, असं मी सांगितलं. तिला कवयित्रीचा रागच आला. "म्हंजी जे सांगायचं तेच न्हाई सांगितलं की."

असला प्रतिसाद मंचावर कसा चालणार? बक्षीस गेलं असतं हातातून. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला प्रतिसाद लिहून दिला. पानभर. डॉक्टरांच्या बायकोनं त्यात 'वेदनेचा हुंकार' घातला. सभापतीणबाईंनी 'शोषितांचा आवाज' घातला. मी दोन्ही काढले आणि माझं एक वाक्य घातलं, ते जास्त वाईट होतं. 'ही कविता ऐकताना माझ्या डोळ्यांतून आसवं वाहू लागली' या वाक्यावर तिनं थांबून डोळ्याला पदर लावायचा, असं ठरलं. तिनं चार वेळा करून बघितलं आणि चारही वेळा हसू फुटलं. "मला न्हाई जमत बाई खोटं रडायला, तुमाला सवय हाय." सराफाच्या सुनेच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ती चहा न घेता गेली.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी सभापतीणबाईंच्या जीपमधून आम्ही अंबाजोगाईला गेलो. हॉल गच्च भरलेला. आमच्या आधी सहा कट्टे. प्रत्येकाचा एक कष्टकरी वाचक होता. कुणाचा वॉचमन, कुणाची धुणंभांडीवाली, कुणाचा गाळ्यावरचा माणूस. सगळ्यांच्या हातात घडी घातलेला कागद आणि सगळ्यांचे मालक पहिल्या रांगेत ओठ हलवत बसलेले. एका वॉचमनच्या कागदात 'अस्मितेचा उद्गार' होता. बिचारा त्या शब्दापाशी तीनदा अडला, आणि त्याच्या साहेबांनी खालून जोरात सांगितलं तसा सुटला.

आमच्याकडून आधी डॉक्टरांची बायको बोलली, मग मी बोलले. नदीपाशी आवाज घोगरा झाला. मग ती उठली. मी दिलेली साडी नेसली होती, पण पदर तिच्या पद्धतीनं खोचलेला. माईकपाशी उभी राहून तिनं नाव सांगितलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या, आणि कागदाची घडी घालून ब्लाऊजात ठेवली.

"हे बायांनी लिवून दिलंय, चांगलं हाय. पर मला दुसरं बोलायचंय," ती म्हणाली. "ती बाई पळाली ते मला लई आवडलं. ह्या सगळ्या कावून रडल्या ते न्हाई कळलं. तिला विकत घेतलेलं व्हतं, म्हणून तिला पळावं लागलं. मला कुणी विकत घेतलेलं न्हाई. मला पळायचं काम न्हाई, मी सांगून जाते. साल माझ्या नवऱ्यानं धरलंय, मी न्हाई धरलं. पाडव्यापासून मी बाईंच्या गोठ्यात येणार न्हाई. शाळेत खिचडी करनार हाय."

आणि नमस्कार करून खाली आली.

मग टाळ्या! मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. परीक्षक उभे राहिले. त्यांना वाटलं, हे सगळं बसवलेलं आहे, कविता आजच्या काळात आणून दाखवली आहे. निकाल सांगताना एक परीक्षक म्हणाले, "इतकं सहज, इतकं अस्सल सादरीकरण आम्ही पाहिलं नाही. मार्गदर्शक बाईंचंही कौतुक." पहिलं बक्षीस आम्हाला. मार्गदर्शक म्हणून मला शाल मिळाली. तिला गुलाबाचं फूल.

परतीच्या जीपमध्ये बायकांचा नुसता कल्लोळ. काय बोलली, कसली बोलली, मला तर काटाच आला. आमच्या कट्ट्यातल्या एकीलाही वाटलं नाही की ती खरं बोलली. ती मागच्या सीटवर माझ्या शेजारी होती. मी हळूच विचारलं, "ते खरं बोललीस का गं?" मी वेड्यासारखं काही विचारलंय अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं. "मग? एवढ्या मान्सांत खोटं कसं बोलायचं बाई?" आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला इतका संताप आला होता की शाल अंगावर टोचत होती. घरचं घरात सांगायचं सोडून हॉलभर सांगितलं, हा माझा राग होता. तिनं घरातही सांगितलं होतं, आणि मी बघू म्हटलं होतं, एवढं मात्र तेव्हा सोयीस्करपणे आठवलं नाही.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी केली. गडी आला, एकटाच, मान खाली घालून. मागं गोठा तसाच. म्हशी शेणात उभ्या आणि माशांचं मोहोळ उठलेलं. ह्यांनी विचारलं, "काय बे, बायको कुठंय?" तो नुसता पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. म्हणाला, "मालक, मी करतो की शेण." हे तयार झाले असते. त्यांना काय, शेण निघाल्याशी मतलब. पण मी बोलले. व्हाट्सॲपवर सकाळपासून सत्तर जणींनी माझं अभिनंदन केलं होतं, एकीनं मला 'गुलामांना वाट दाखवणारी' म्हटलं होतं, आणि मी अंगणात उभी राहून त्या माणसाला म्हणाले, "जोडीनं येणार असाल तर या. नाहीतर तुझंही साल राहू दे."

पाडव्याला हे म्हणायचं म्हणजे काय, ते मला पुरतं माहीत होतं. सगळ्या गावाचे गडी ठरलेले असतात. त्या दिवशी ज्याचं साल तुटलं त्याला वर्षभर कुणी दारात उभं करत नाही. त्यालाही माहीत होतं. तो गोठ्याकडं वळला. बैलांना पाणी दाखवलं आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सहाला ती आली. माझ्याकडं बघितलं नाही. पाटी घेतली आणि कामाला लागली. नेहमीपेक्षा दुप्पट घाईनं, जवळजवळ पळत. दोन दिवसांचं शेण होतं. मी ओसरीवर चहाचा कप घेऊन उभी होते. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. तिनं एकदा मान वर केली, शाळेच्या बाजूला बघितलं आणि म्हणाली, "बाई, जाऊ का? ऱ्हायलेलं येऊन करते."

'जा' एवढंच म्हणायचं होतं. काहीही अडलं नसतं, म्हशी कुठं पळून जाणार नव्हत्या. मी म्हटलं, "आटप आणि जा."

तिनं आटोपलं. झाडलं, सडा टाकला, हौदावर कोपरापर्यंत हात धुतले आणि निघाली, तेव्हा शाळेतली प्रार्थना संपून पोरांचे पाढे सुरू झाले होते. अर्ध्या तासानं ती परत आली. तिच्या जागी तिसरी बाई बसली होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तिनं कडब्याची पेंढी सोडली आणि गाईंपुढं टाकायला लागली. ते काम तिचं नव्हतं, तिच्या नवऱ्याचं होतं. गोठा स्वच्छ होता, सडा वाळत आला होता, आणि मी ओसरीवरून बघत होते. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मला बरं वाटलं.